जुन्या पुस्तकांचं गिऱ्हाईक

जुन्या पुस्तकांच्या बाजारात दोन प्रकारची माणसं येतात. पहिली हातात चिठ्ठी घेऊन येतात. मुलाचं अकरावीचं फिजिक्स, अमुक लेखकाचं, तमुक आवृत्तीचं. असेल तर घेतात, नसेल तर चालू लागतात. दुसऱ्या प्रकारच्या माणसांना काय हवंय ते त्यांचं त्यांनाच ठाऊक नसतं. ती उकिडवी बसतात, ढिगात हात घालतात, बोटं काळी करून घेतात, आणि तासाभराने तळातून असं काहीतरी निघतं, की सकाळी घरून निघताना ज्याचं नावही डोक्यात नव्हतं. बर्डीच्या फूटपाथवर हे दोन्ही प्रकार मी वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. वाचनालयात आपण मागू ते मिळतं. जुन्या बाजारात न मागितलेलं मिळतं, आणि त्यातच त्याची गंमत आहे.

या दुसऱ्या प्रकारातलं, महाराष्ट्राने पाहिलेलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. नागपूरकरांना त्यांची ओळख करून द्यायची म्हणजे गंगेला पाणी दाखवण्यासारखं आहे. गावोगावच्या पुतळ्यांत त्यांच्या हाती एक जाडजूड पुस्तक असतं. ती राज्यघटना, हे लहान मूलही सांगेल. पण घटना त्या हातात यायच्या आधी चाळीस वर्षं तिथे दुसरी पुस्तकं होती. त्यांतली पुष्कळशी जुनी, कुणीतरी वाचून टाकलेली, कमी पैशांत घेतलेली. ती कुठून आली, कशी गेली, आणि मुख्य म्हणजे त्यांचे पैसे कोणी भरले, हा हिशेब आपण सहसा मांडत नाही. निम्मं आयुष्य बँकेत घालवल्यामुळे असेल, पण मला तोच आधी मांडावासा वाटतो.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूच्या लष्करी छावणीतला. वडील रामजी सुभेदार लष्करी शाळेचे मुख्याध्यापक, कबीरपंथी, शिस्तीचे. आई भीमाबाई १८९६ मध्ये गेल्या. साताऱ्याच्या शाळेत या मुलाला वर्गात वेगळं बसावं लागे, तेही घरून नेलेल्या गोणपाटावर. ते गोणपाट रोज संध्याकाळी परत घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा गडी त्याला हात लावत नसे. नळाला स्वतः हात लावायची सोय नव्हती. शिपायाने तोटी सोडली तर पाणी, शिपाई नसेल तर तहान तशीच. पुढे मुंबईला एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये मास्तरांनी फळ्याकडे बोलावलं, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले डबे उचलायला वर्गातल्या मुलांची धावपळ उडाली. संस्कृत शिकायचं होतं, ते शिकू दिलं नाही, म्हणून पर्शियन घ्यावी लागली. हे सगळं आपण शाळेच्या पुस्तकात वाचलेलं असतं. इथे पुन्हा सांगतो ते एवढ्यासाठी, की हाताचा स्पर्श ही गोष्ट पुढे लागणार आहे.

मुंबईत हे कुटुंब परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहत असे. स्वयंपाक तिथेच, झोप तिथेच, सरपण तिथेच. झोपताना मुलाच्या उशाशी जातं आणि पायाशी शेळी. रात्री दोनपर्यंत सुभेदार जागे राहत, मग मुलाला अभ्यासाला उठवत आणि स्वतः आडवे होत. मुलाला मात्र अभ्यासाच्या पुस्तकांपलीकडची पुस्तकं वाचायचं वेड लागलेलं. वडिलांना ते फारसं पसंत नव्हतं, पण पोराने पुस्तक मागितलं की त्यांच्याने नाही म्हणवत नसे. पेन्शन तुटपुंजी. मग ते उठत आणि लग्न होऊन मुंबईतच नांदणाऱ्या लेकींच्या घरी जात. आधी धाकटीकडे उसने मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडून एखादा दागिना घेत, तो मारवाड्याकडे गहाण ठेवत, आलेल्या पैशांतून पुस्तक आणत, आणि पेन्शन हाती आली की दागिना सोडवून लेकीला परत नेऊन देत.

बँकेत असताना सोनेतारणाचं काउंटर मी काही वर्षं सांभाळलं आहे. जून महिना उजाडला, शाळा उघडायच्या झाल्या, की समोर बायांची रांग लागे. बांगड्या, गोफ, कुणाचे कानातले. सोनार वजन करायचा, मी आकडा लिहायचा. कशासाठी, या रकान्यात घरखर्च असं घालायची रीत होती. खरं कारण त्यांच्या हातातल्या पिशवीतून डोकावत असे. रामजी सुभेदारांची ती गोष्ट मी चरित्रात वाचली तेव्हा मला डबक चाळीपेक्षा त्या लेकीच आधी दिसल्या. मंजुळा आणि तुळसा. भावाच्या एका पुस्तकासाठी अंगावरचा दागिना काढून बापाच्या हातावर ठेवणाऱ्या. आंबेडकरांच्या ग्रंथसंग्रहाच्या खतावणीत पहिली नावं लिहायची तर या दोघींची लिहिली पाहिजेत.

दुसरं नाव कृष्णराव अर्जुन केळुसकरांचं. वेंगुर्ल्याजवळच्या केळूसचा हा माणूस मुंबईत शिक्षक होता, लेखक होता. शिवाजी महाराजांचं सविस्तर मराठी चरित्र लिहिणाऱ्या पहिल्या लोकांपैकी. संध्याकाळी ते चर्नी रोडच्या बागेत वाचत बसत. शाळा सुटल्यावर तिथेच येऊन वाचणारा एक मुलगा त्यांना दिसला. चौकशी झाली, ओळख झाली आणि पुस्तकं मिळू लागली. मुलगा परीक्षा पास झाला तेव्हा वस्तीतल्या लोकांनी सत्काराची सभा भरवायचं ठरवलं. सुभेदारांचा आधी विरोध होता, पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणून. अखेर सभा झाली. केळुसकर बोलले, आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं गौतम बुद्धाचं चरित्र मुलाच्या हातात ठेवलं. चरित्रकार ही सभा मॅट्रिकनंतरची, १९०७ ची धरतात. बाबासाहेबांनी स्वतः आयुष्याच्या अखेरीस लिहिताना ती इंग्रजी चौथीनंतरची म्हटली आहे. वर्ष कोणतंही धरा. ते पुस्तक मुलाने मागितलं नव्हतं. ते अचानक हाती आलं होतं. त्याचं काय झालं ते पुढे येईलच.

केळुसकरांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉलेज पार पडलं. एल्फिन्स्टन कॉलेजातले प्रोफेसर म्युलर या विद्यार्थ्याला पुस्तकं देत आणि अंगावर घालायला कपडेही. २ फेब्रुवारी १९१३ रोजी रामजी सुभेदार गेले. त्याच वर्षी जुलैत बडोदा सरकारच्या खर्चाने भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता.

साडेअकरा पौंडांतून खोलीचं भाडं, जेवण, कपडे. त्यातूनच काही घरी पाठवायचे, कारण मुंबईत बायको-मुलगा आणि भावाचं कुटुंब. बरोबरीचे विद्यार्थी नाटक-सिनेमाला जात. हा विद्यार्थी कॉफी, दोन मफिन आणि थोडं मांस-मासळी यावर भागवत असे. उरलेले सेंट नि सेंट तो एकाच ठिकाणी उधळत असे. न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत.

त्या काळचं न्यूयॉर्क हे जुन्या पुस्तकांचं मोठं पीठ होतं. फोर्थ ॲव्हेन्यू नावाच्या रस्त्यावर, ॲस्टर प्लेसपासून युनियन स्क्वेअरपर्यंतच्या मोजक्या चौकांत, दुकानाला दुकान लागून जुनी पुस्तकंच पुस्तकं. आत छतापर्यंत फळ्या, बाहेर दाराशी पेट्या. पेटीतलं कोणतंही पुस्तक पाच-दहा सेंटांना. कोलंबिया विद्यापीठ शहराच्या वरच्या अंगाला, एकशे सोळाव्या रस्त्यावर. ही पुस्तकगल्ली शंभरएक रस्ते खाली. पण भुयारी रेल्वेचं तिकीट फक्त पाच सेंट होतं. पुढे १९५०-६० च्या दशकांत भाडी वाढली आणि ती गल्ली उठली. तिथे १९२७ मध्ये सुरू झालेलं स्ट्रँड नावाचं दुकान जवळच ब्रॉडवेवर जाऊन टिकलं, ते आजही आहे.

चिठ्ठी घेऊन जाणाऱ्यांतला हा विद्यार्थी नव्हताच. त्याच्या अभ्यासक्रमांची यादीच पाहा. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, शिवाय फ्रेंच आणि जर्मन. एम.ए.च्या पदवीला एवढे कशाला लागतात? ही यादी मला जुन्या पुस्तकांच्या दुकानासारखीच वाटते. एक फळी बघायला गेलेला माणूस शेजारच्या तीन फळ्या बघून बाहेर पडतो. अर्थशास्त्र शिकायला गेलेल्या या विद्यार्थ्याने ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या वर्गापुढे निबंध वाचला तो भारतातल्या जातींवर. त्याचे मार्गदर्शक प्रोफेसर सेलिग्मन हेही अट्टल पुस्तकवेडे. अर्थशास्त्राचे जुने ग्रंथ, पत्रकं, अहवाल त्यांनी आयुष्यभर जमवले, आणि तो संग्रह पुढे कोलंबिया विद्यापीठाने विकत घेतला. गुरूचं एक वेड शिष्याला लागलं, की मुळात होतंच ते वाढलं, कोण जाणे. गुरूकडे पिढीजात पैसा होता आणि शिष्याकडे कॉफीतून वाचवलेले सेंट, एवढा फरक.

तीन वर्षांत या मुलाने सुमारे दोन हजार पुस्तकं जमवली, असा आकडा चरित्रकार देतात. दिवसाला दोनच्या आसपास.

आता स्पर्शाची गोष्ट. जुनं पुस्तक म्हणजे काय, तर दुसऱ्याने हाताळलेली वस्तू. कोणाच्या तरी अंगठ्याचा डाग, कोणाच्या चहाचं वर्तुळ, पहिल्या पानावर कोणाचं तरी खोडलेलं नाव. आपल्याकडे उष्टं, विटाळ, सोवळं यांचे केवढे कायदे. पण जुन्या पुस्तकाला ते कोणी कधी लावत नाही. हे कुणाच्या घरातून आलं, ते लोक कोण, कुठले, हे विचारून पुस्तक घेणारा गिऱ्हाईक मी अजून पाहिला नाही. आणि विकणाराही घेणाऱ्याला विचारत नाही. ज्या मुलाच्या गोणपाटाला शाळेचा गडी हात लावत नव्हता, तो न्यूयॉर्कच्या दुकानात ढिगात दोन्ही हात घालून बसला आहे, जे हवं ते उचलतो आहे, परत ठेवतो आहे, आणि कुणी मान वर करून बघतही नाही. त्या दोन हजारांपैकी प्रत्येक पुस्तक उचलताना त्याला ज्ञान तर मिळालंच असेल. पण हे मोकळेपणही मिळालं असणार, आणि माझ्या मते त्याची चटक जास्त लवकर लागते.

जून १९१६ मध्ये ते न्यूयॉर्कहून लंडनला गेले. जमवलेली पुस्तकं भारतात पोचती करण्यासाठी एका मित्राच्या हवाली केली होती. त्यातली थोडीच त्यांच्या हाती आली. बाकीची कुठे गेली ते गेली. पुस्तक सांभाळायला देणं आणि ते परत मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यापैकी कुणाला सांगायला नको.

लंडनला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आणि ग्रेज इन. एक वर्ष झालं नाही तोच शिष्यवृत्ती संपली आणि बडोद्याचं बोलावणं आलं. १९१७ चा उन्हाळा, महायुद्ध पेटलेलं, समुद्रात जर्मन पाणबुड्या. सामान आणि त्यातली पुस्तकं थॉमस कुक कंपनीमार्फत एका बोटीने पुढे गेली आणि ते स्वतः मार्सेयहून दुसऱ्या बोटीने निघाले. सामानाची बोट पाणतीराने बुडाली. घरच्यांना आधी वाटलं, माणूसच गेला. २१ ऑगस्ट १९१७ ला ते मुंबईत उतरले तेव्हा माणूस होता, पुस्तकं नव्हती.

नुकसानभरपाई म्हणून थॉमस कुककडून सहाशे रुपये आले. बडोद्याला रुजू व्हायला जाण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते. त्या सहाशेतले काही रमाबाईंच्या हाती देऊन उरलेल्यांत त्यांनी बडोद्याचा प्रवास केला. विम्याचा दावा मंजूर करणारा कारकून सामानाची किंमत धरतो. कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर पेन्सिलीची खूण होती, याला रकाना नसतो.

बडोद्यात काय झालं ते सर्वश्रुत आहे. कोलंबियाचा एम.ए. झालेल्या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई फायली लांबून फेकत. राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेच्या माडीवर, अडगळीच्या अंधाऱ्या दालनात ते पुस्तकांच्या सोबतीने राहू लागले. वटवाघळं फडफडत. थोड्याच दिवसांत काठ्या घेतलेले लोक आले आणि तेही छप्पर गेलं. मुंबईची गाडी मिळेपर्यंत ते कमाटी बागेत एका झाडाखाली बसले होते. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेला मुलगा आणि बडोद्याच्या बागेत रडत बसलेला हा माणूस यांच्यात दहाएक वर्षांचं अंतर.

यानंतर कुणीही दुसरा असता तर मिळेल ती नोकरी धरून बसला असता. १९१८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात त्यांना प्रोफेसरी मिळाली, पगार ४५० रुपये. त्या काळात ही रक्कम थोडकी नव्हे. पण ते परळच्या चाळीतच राहिले आणि पैसा साठवत गेले. जुलै १९२० मध्ये साठवलेले पैसे, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या न्यूयॉर्कपासूनच्या पारशी मित्राचं पाच हजारांचं कर्ज घेऊन ते परत लंडनला गेले, अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला.

ही तीन वर्षं त्यांच्या आयुष्यातली सर्वांत उपाशी वर्षं असावीत. घरमालकीण हाताने आखडती. सकाळी एक पावाचा तुकडा, माशाचा लहानसा तुकडा, कपभर बोव्हरिल. तेवढ्यावर निघायचं ते ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात, दार उघडायच्या वेळी. दिवसभर उठायचं नाही. संध्याकाळी इतर ग्रंथालयं. रात्री खोलीवर भूक अनावर झाली की ओळखीच्या कुणीतरी दिलेले पापड पत्र्यावर भाजून खायचे आणि पुन्हा वाचायला बसायचं. खोलीतला सोबती झोपेतून जागा होई आणि आता तरी झोपा म्हणून विनवी. उत्तर रात्री त्यांनी काय वाचलं, याचा पुरावा म्हणजे १९२३ चा 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा प्रबंध. चलनाचा इतिहास, सोनं-चांदीचे भाव, कंपनी सरकारचे जुने अहवाल, म्हणजे ज्या कागदांवर सहसा फक्त धूळ बसते, त्यांतून त्यांनी रुपयाचं दुखणं शोधून काढलं. रिझर्व्ह बँक या पुस्तकातून जन्मली असं हल्ली सर्रास बोललं जातं. संस्था इतक्या सरळ रेषेत जन्मत नाहीत. १९२५ साली हिल्टन यंग कमिशनपुढे त्यांनी साक्ष दिली, बँक १९३५ साली आली, आणि त्यामागे पुष्कळ हात होते. पण नोटा छापण्यावर लगाम कसा हवा, हे त्यांनी जे मांडलं ते आजही वाचावं असं आहे, हे मी बँकवाला म्हणून सांगतो. नागपुरात रिझर्व्ह बँकेच्या इमारतीसमोरच्या संविधान चौकात त्यांचा पुतळा आहे. त्यांना ही जागा शोभते, ती रुपयाच्या या पुस्तकामुळेही.

आता खतावणीतलं सर्वांत मोठं नाव. रमाबाई. १९०६ साली लग्न झालं तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. नवरा न्यूयॉर्कला असताना, मग लंडनला, मग पुन्हा लंडनला, परळच्या त्या चाळीत घर त्यांनी चालवलं. गंगाधर, रमेश, इंदू, राजरत्न, अशी चार मुलं गेली. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलैत. चरित्रांत या साऱ्याला त्याग म्हणतात. शब्द खोटा नाही, पण त्यागात निवड असते, आणि रमाबाईंना कुणी विचारलं होतं असं दिसत नाही. लंडनहून परतल्यावरही नवऱ्याची पुस्तकं वाढतच राहिली आणि दोन खोल्यांची जागा पुस्तकांनी भरत गेली. दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधलं गेलं ते आधी पुस्तकांसाठी आणि मग माणसांसाठी, असंच म्हणावं लागेल. वरचा मजला ग्रंथालयाचा, खाली कुटुंब. रमाबाई त्या घरात फार दिवस राहिल्या नाहीत. २७ मे १९३५ ला त्या गेल्या. हे वाचताना पुस्तकं जमवणाऱ्या कोणत्याही नवऱ्याची मान थोडी खाली जावी. त्याच वेळी हेही खरं, की ती पुस्तकं जमली नसती तर लाखो घरांतल्या रमाबाईंची पोरं शाळेत गेली नसती. हा हिशेब मला कधी जुळवता आलेला नाही.

राजगृहात बुडालेल्या संग्रहाच्या जागी दुसरा उभा राहिला. तो हजारोंच्या घरात गेला. १९४५ मध्ये त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं, आणि त्यांच्याकडची बरीच पुस्तकं त्या कॉलेजच्या ग्रंथालयात गेली. अलीकडे देशोदेशीचे अभ्यासक तिथे येतात ते छापील मजकूर वाचायला नव्हे, तर त्याखालच्या रेघा वाचायला. जॉन ड्यूई हे कोलंबियातले त्यांचे आवडते प्राध्यापक. ड्यूईंचा 'डेमोक्रसी अँड एज्युकेशन' हा ग्रंथ १९१६ चा. बाबासाहेबांनी आपली प्रत १९१७ मध्ये लंडनला घेतली, आणि ती तिथे आहे. म्हणजे त्या वर्षीच्या बुडीत खात्यातून निसटलेली एक प्रत! ड्यूईंच्या पुस्तकांत त्यांनी लाल-निळ्या पेन्सिलींनी रेघाच रेघा ओढल्या आहेत. १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने ज्यांचं भाषण ऐनवेळी रद्द केलं, त्या बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने छापलं, प्रती पंधराशे. तेच 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्यात ड्यूईंचं ऋण त्यांनी नावानिशी मान्य केलं आहे, आणि रेघा मारलेल्या पानांतले विचार त्यात वाटेवाटेला भेटतात. १९५२ साली कोलंबियाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. ते न्यूयॉर्कला पोचत होते, त्याच सुमारास, १ जूनला, ड्यूई गेले. गुरुशिष्यांची भेट हुकली.

केळुसकरांनी दिलेल्या त्या पुस्तकाकडे आता येऊ. घरात सुभेदार मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेत, आणि मुलगा प्रत्येक पात्रावर वाद घाली. बुद्धाचं चरित्र हाती आल्यावर त्याला तोलायला दुसरं माप मिळालं. त्यानंतर किती वर्षं हे वाचन आतल्या आत चालू राहिलं! चवदार तळं, गोलमेज परिषद, पुणे करार, येवल्याची घोषणा, मंत्रिपद, घटना, राजीनामा, या सगळ्या धकाधकीत पाली, बौद्ध साहित्य, तुलनेसाठी इतर धर्मांचे ग्रंथ राजगृहात आणि नंतर दिल्लीच्या अलीपूर रोडवरच्या घरात साठत होते. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, नागपूरच्या भूमीवर लाखोंच्या साक्षीने त्यांनी महास्थविर चंद्रमणींकडून बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्या दिवसांत त्यांचा मुक्काम सीताबर्डीवरच्या श्याम हॉटेलात होता. केळुसकर १९३४ मध्येच गेले होते. आपल्या एका पुस्तकाचं काय झालं, हे पाहायला ते नव्हते.

'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी केळुसकरांची, त्या सभेची आणि त्या भेटीची हकीकत सांगितली आहे. ५ डिसेंबर १९५६ च्या रात्री, दिल्लीत, त्यांनी कपाटातली काही पुस्तकं काढून घेतली, या ग्रंथाची प्रस्तावना वगैरे कागद मागवून उशाशी ठेवून घेतले. सकाळी ते उठले नाहीत. ग्रंथ १९५७ मध्ये निघाला, पण ती प्रस्तावना पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नाही. ती लोकांपुढे यायला आणखी बरीच वर्षं गेली.

त्यांच्या कागदांचीही तीच गत. न छापलेली हस्तलिखितं, टंकलिखित प्रकरणं, सुटी पानं पेट्यांमध्ये भरून वर्षानुवर्षं सरकारी ताब्यात पडून होती. ती बाहेर काढण्यात नागपूरचा वाटा मोठा आहे. ज. बा. बनसोड या नागपूरच्या वकिलांनी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात दावा लावला. १९७६ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली, आणि संपादनाचं काम आपल्याच नागपूरचे वसंत मून यांच्याकडे आलं. पेट्या उघडल्या, पानाला पान लावलं, कुठे मधलंच प्रकरण गायब, कुठे एकाच मजकुराच्या दोन प्रती. जुन्या पुस्तकांच्या ढिगात बसणाऱ्याला जे सुख मिळतं ते मूनांनी सरकारी नोकरी सांभाळून वर्षानुवर्षं उपभोगलं, आणि त्यासाठी डोळे आणि तब्येत मोजली. पहिला खंड १९७९ साली निघाला. २००२ मध्ये मून गेले. खंड पुढेही निघत राहिले.

नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे आणि त्यांचा टाइपरायटर जपून ठेवला आहे. पण दरवर्षी विजयादशमीला दीक्षाभूमीवर जे लोक येतात ते पुस्तकांच्या मंडपांत जास्त वेळ रेंगाळतात. मराठवाड्यातून, खानदेशातून, छत्तीसगडातून रेल्वेने आलेली माणसं, डोक्यावर गाठोडं, पायात चपला असल्या तर असल्या. त्यांच्यातल्या कित्येक म्हाताऱ्यांना अक्षर येत नाही. त्या खंड हातात घेतात, उलटा आहे की सुलटा ते नातवाला विचारतात, कमरेच्या पिशवीतून नोटा काढून मोजतात आणि पुस्तक गाठोड्यात, धुतल्या लुगड्याच्या घडीत नीट ठेवतात. नातू वाचून दाखवणार असतो.